सक्ती कशाची : शाळेची की शिक्षणाची?

‘शाळाबाह्य’ हा शब्द आपल्या शिक्षणखात्याच्या दप्तरात आता चांगलाच रुळला आहे. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर बीडहून निघालेले आणि सहा महिने फडाच्या कडेला कोपीत राहणारे मूल शाळाबाह्य. वीटभट्टीवर धाकट्या भावंडास मांडीवर घेऊन बसलेली मुलगी शाळाबाह्य. आणि पुण्यातील एखाद्या घरी आईजवळ बीजगणित शिकणारा, वडिलांबरोबर इतिहासाची पुस्तके वाचणारा बारा वर्षांचा मुलगा, तोही शाळाबाह्यच! उलटपक्षी ज्याचे नाव पटावर आहे, पण पाचवीत बसून ज्यास दुसरीचा धडा वाचता येत नाही, तो मात्र ‘शाळेतील’. त्याच्याविषयी दप्तर निश्चिंत आहे. खेड्यांतील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांची हीच अवस्था असल्याचे ‘प्रथम’ ह्या संस्थेच्या देशव्यापी पाहण्या अनेक वर्षे सांगत आल्या आहेत. हा केवळ भाषेचा दोष असता तर तो व्याकरणकारांवर सोपवून आपण मोकळे झालो असतो. परंतु ह्या एका शब्दाच्या पोटात कायद्याची एक मोठी चूक दडली आहे, आणि तिच्यापायी काही सुबुद्ध कुटुंबांस आज चोरासारखे वागावे लागत आहे.

मुलांस शाळेत न पाठविता घरीच शिकविण्याच्या पद्धतीस हल्ली ‘होमस्कूलिंग’ म्हणतात. मी तीस गृहशिक्षण म्हणेन. ही वाट धरणारी कुटुंबे आपल्याकडे थोडी आहेत. कोणाचे मूल वर्गात मुके होऊन बसत असे, कोणास घोकंपट्टीचा वीट आला, कोणाच्या मुलीस गाण्याच्या रियाजासाठी सकाळ मोकळी हवी होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या मुलीस चौथीनंतर घरी शिकविण्याचे ठरविले व तो दाखला मागावयास शाळेत गेला. कारकुनाने विचारले, “पुढे कोणत्या शाळेत नाव घालणार?” हा म्हणाला, “कोणत्याच नाही.” “मग दाखला कसा निघेल? पुढच्या शाळेचे नाव टाकल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही.” मुख्याध्यापक सज्जन होते, त्यांनी वरच्या कचेरीकडे बोट दाखविले. कचेरीने नियमाकडे बोट दाखविले. आणि नियमात ह्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते! तीन महिने हेलपाटे घातल्यावर खात्यातीलच एका अनुभवी गृहस्थाने तोडगा सुचविला : ओळखीच्या एखाद्या शाळेत मुलीचे नाव घालून ठेवावे, तिने तेथे जाण्याचे कारण नाही, परीक्षेपुरते तोंड दाखविले म्हणजे झाले. खोटी हजेरी चालेल, खरे शिक्षण चालणार नाही, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय? तो सल्ला देणाऱ्यास मी दोष देत नाही. त्याने कायद्याचे मर्म बरोबर ओळखले होते.

ह्या गोंधळाचे मूळ शोधावयास फार दूर जावे लागत नाही. संसदेने २००२ साली घटनादुरुस्ती करून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने नागरिकांच्या कर्तव्यांत पालकांचेही एक कर्तव्य घातले. तेथे शब्द आहेत ते पाल्यास शिक्षणाची संधी देण्याचे. शाळेचा उल्लेख नाही. पुढे २००९ साली ह्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या दहाव्या कलमात पालकाचे कर्तव्य सांगितले आहे ते असे की, त्याने आपल्या पाल्यास शेजारच्या शाळेत दाखल करावे. घटनेतले शिक्षण कायद्यात उतरता उतरता शाळा झाले. ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग आपण आजवर थट्टेने करीत आलो. ह्या कलमाने तो जवळजवळ शब्दशः खरा केला.

गंमत अशी की, हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकास त्या कायद्यात शिक्षा कोणतीच नाही. काही वकील मित्र म्हणतात, मग तक्रार कसली? तक्रार हीच आहे. जिच्या भंगास शिक्षा नाही आणि जिच्यातून रीतसर सूटही नाही, अशी आज्ञा म्हणजे प्रत्येक लहानमोठ्या अंमलदाराच्या हाती दिलेली छडी होय. तिने मारता येत नाही; भिवविता मात्र येते. शिवाय चारपाच कुटुंबांनी एकत्र येऊन आपली मुले एकाच घरी शिकवावयाचे ठरविले, तर ती ‘मान्यता नसलेली शाळा’ ठरण्याचे भय आहेच. आणि तशा शाळेस अठराव्या कलमाखाली एक लाख रुपयांपर्यंत, व अपराध चालू राहिल्यास दररोज दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राच्या मंत्रालयाने जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन, स्वेच्छेने घरी शिकविणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही असे सांगितले होते. ठीक आहे. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे, आणि तालुक्याच्या कचेरीत ते कोणी वाचलेले नसते.

बरे, कायद्यात ह्यासाठी जागा कशी ठेवावी हे आपल्या कायदेकारांस ठाऊक नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. दिल्लीसाठी १९६० साली झालेल्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यात, मूल शाळेत न जाण्याची जी वाजवी कारणे दिली होती, त्यांत एक असे होते की, त्या मुलास अन्य प्रकारे शिक्षण मिळत आहे आणि सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ते समाधानकारक ठरविले आहे. किती साधी आणि शहाणपणाची तरतूद! सक्ती कायम, तपासणीचा अधिकार कायम, आणि तरीही खऱ्या शिक्षणास वाव. इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षणकायद्याने पालकांवर कर्तव्य घातले ते मुलाच्या वयास, कुवतीस व कलास अनुरूप असे शिक्षण देवविण्याचे. मग ते शाळेतील नियमित उपस्थितीने असो ‘किंवा अन्य प्रकारे’. इंग्रजीत हे अवघे दोन शब्द आहेत, आणि ते पुढे १९९६ च्या कायद्यातही राहिले. केवळ शब्द असून भागत नाही हेही खरे. नॉरफोक परगण्यातील एका मातेस आपली मुले घरी शिकविण्याच्या हक्कासाठी १९५२ पासून सुमारे दहा वर्षे शिक्षणाधिकाऱ्यांशी कोर्टात झगडावे लागले. पण तिला उभे राहावयास कायद्यात जागा होती, म्हणून ती झगडू तरी शकली. आमच्या विद्यार्थ्याने कोठे उभे राहावे?

ह्याहून चमत्कारिक गोष्ट तर पुढेच आहे. २०१२ साली ह्या कायद्यात दुरुस्ती होऊन मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यत्वे धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. त्या वगळाव्यात की नाहीत हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. पण ह्याचा परिणाम काय झाला तो पाहावा. मुलास धर्मग्रंथांचे पठण शिकविणाऱ्या संस्थेकडे कायदा पाठ फिरवितो, आणि त्याच मुलास गणित, विज्ञान व भाषा शिकविणाऱ्या आईस मात्र विचारतो, ‘शाळेत का घातले नाही?’ श्रद्धेस मिळणारी सवलत विद्येस मिळू नये, हा न्याय मोठा अजब आहे.

ह्या मागणीविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांतील पहिल्यास मी सर्वांत अधिक मान देतो, कारण तो आपल्या इतिहासातून येतो. आक्षेपक म्हणतात : सक्तीचे शिक्षण हे महाराष्ट्राने झगडून मिळविलेले धन आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर ह्यांच्या शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. पुढल्या वर्षी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. जे ब्रिटिश सरकारने नाकारले ते शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीरात करून दाखविले आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. अशा पूर्वजांचे आपण वारस. आणि आता सुखवस्तू लोकांच्या लहरीखातर ह्या सक्तीस भोक पाडावयाचे काय?

मी उत्तर देतो की, ज्यांची नावे आपण घेता त्यांनी सक्ती मागितली ती अज्ञानाविरुद्ध. शाहू महाराजांचा रुपया हा मुलास शेतावर राबविणाऱ्या वा घरात कोंडणाऱ्या बापासाठी होता. मुलास शिकविणाऱ्या बापासाठी नव्हता. आणि इतिहासच काढावयाचा तर तो सगळा काढू या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तीत शिकविणाऱ्या सावित्रीबाईंचे आरंभीचे शिक्षण कोठे झाले? घरी, जोतीरावांकडून. ज्या आयोगापुढे फुल्यांनी निवेदन दिले, त्याच आयोगापुढे त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि मुलींच्या शाळांस स्त्रीशिक्षिका व स्त्रियांस स्त्रीडॉक्टर हवेत असे सांगितले. ह्या रमाबाई विदुषी झाल्या त्या कोणत्या शाळेच्या पटावर नाव घालून नव्हे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी जनरीत मोडून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने आपल्या मुलीस. आजच्या दप्तरात ती मुलगी ‘शाळाबाह्य’ म्हणून नोंदली गेली असती! न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमाबाई रानडे शिकल्या, त्याही घरातच. मात्र त्यांस विरोध झाला तोही घरातल्याच बायकांकडून. घर हे ज्ञानाचे दार होऊ शकते, तसेच कुलूपही होऊ शकते. म्हणूनच घरावर नजर हवी असे मी म्हणतो. घरास बंदी हवी असे म्हणत नाही.

दुसरा आक्षेप एका बाकाचा. श्रीमंत-गरीब, ब्राह्मण-मराठा-दलित, हिंदु-मुसलमान सारी मुले एका बाकावर बसावीत. घरी शिकणारे मूल त्या बाकावरून उठून जाते. हे स्वप्न मलाही प्रिय आहे. पण तो बाक आहे कोठे? पन्नास हजार-लाख रुपये फी घेणाऱ्या इंग्रजी शाळांनी तो केव्हाच मोडून टाकला आहे. आणि हे आक्षेपक ज्या शाळांत आपली मुले पाठवितात, तेथे मोलकरणीच्या मुलास बाकाचा कोपरा मिळावा म्हणून कायद्याने पंचवीस टक्के जागा राखावयास लावल्या, त्याचीही आमच्या राज्यसरकारास अडचण झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेस ह्या जबाबदारीतून मोकळे करण्यात आले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून बरे. ज्या सरकारने पंचवीस टक्क्यांचा बाक चोरपावलांनी उचलून नेण्याचा यत्न केला, त्याच्या खात्याने घरी शिकणाऱ्या मूठभर मुलांस सामाजिक ऐक्याचे प्रवचन देऊ नये.

येथे कोणी जर्मनीचा दाखला देतात, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जर्मनीत शाळेत उपस्थित राहणे सक्तीचे आहे. घरी शिकविण्यास जवळजवळ मुभा नाही. तेथून अमेरिकेत गेलेले गृहशिक्षणवादी सांगतात की हा हिटलरचा १९३८ चा कायदा. हे अर्धसत्य आहे. शाळासक्ती वायमारच्या १९१९ च्या राज्यघटनेतही होती. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००६ साली जर्मनीची बाजू ग्राह्य धरली : समाजात अलग अलग समांतर समाज निर्माण होऊ नयेत हा राज्याचा हेतू वाजवी आहे, असे त्याने म्हटले. युक्तिवाद वजनदार आहे. पण त्याचे टोक कोठे जाते? ऑगस्ट २०१३ मध्ये डार्मस्टाटजवळच्या एका घरी पोलीस व अधिकारी जाऊन थडकले आणि घरी शिकणारी चार भावंडे आईबापांपासून तोडून सुमारे तीन आठवडे दुसरीकडे ठेवली. पुढे मुलांचा अभ्यास तपासला तेव्हा तो पुरेसा आढळला. तरीही २०१९ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने ह्यात हक्काचा भंग झाला नाही असा निर्णय दिला. न्यायाधीशांविषयी आदर राखून मी म्हणतो की, जे मूल शिकत आहे ते शिकत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यास आईच्या कुशीतून ओढावे लागते, तेथे शाळा हे साधन न राहता दैवत झालेले असते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, मुलास कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे हे निवडण्याचा अग्रहक्क आईबापांचा मानला गेला. एका पिढीची सगळी मुले एकाच साच्यात ओतणारी राज्ये तेव्हा जगाने नुकतीच पाहिली होती.

एवढे वाचून गृहशिक्षणवाले मित्र टाळ्या पिटतील, तर त्यांनी थोडे थांबावे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या बोलण्यात अलीकडे अमेरिकेची हवा आली आहे : ‘मूल माझे, मी काय शिकवावे हे विचारणारे सरकार कोण?’ अमेरिकेतील टेक्सास, आयडाहो अशा काही राज्यांत मूल घरी शिकते आहे हे सरकारास कळविण्याचेही बंधन नाही. अशा मोकळिकीचे दुसरे टोक जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात दिसले. तेथे एका घरातून तेरा भावंडांची सुटका झाली. ती उपाशी होती, त्यांतील काही साखळीने बांधलेली होती. त्या घरातील बापाने आपल्या घराचीच खासगी शाळा म्हणून कागदोपत्री नोंद केली होती, आणि आत येऊन पाहणारे कोणी नव्हते. लाखांत एखादे असे घर असेल. पण त्या एका घरातील मुलांस तो हिशेब सांगून उपयोग काय? मूल ही बापाची मालमत्ता नव्हे. सातबाऱ्यावर त्याचे नाव लागत नसते. ज्या आईबापांस वर्षातून एकदा कोणी येऊन आपल्या मुलाची वही पाहिली तर अपमान वाटतो, त्यांची वकिली करण्यास मी तयार नाही.

आणि वहीपेक्षाही एक मोठी गोष्ट उरते, ती म्हणजे मुलाचे स्वतःचे मत. आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध गृहशिक्षक म्हणजे महात्मा गांधी. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानी म्हणून आपल्या मुलांस प्रवेश मिळाला असता. पण इतर हिंदी मुलांस जो मिळत नाही तो आपल्या मुलांस नको, म्हणून त्यांनी तो नाकारला आणि कचेरीत पायी जाता-येता मुलांस शिकविले. हेतू केवढा उदात्त! तथापि ह्या शिक्षणात आपले नुकसान झाले अशी मुलांची तक्रार राहिली, हे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. थोरल्या हरिलालच्या मनातील अढी तर अखेरपर्यंत गेली नाही. गांधीजींसारख्या बापाच्या घरी हे घडू शकते, तर इतरांनी आपल्या ध्येयवादाविषयी किती खात्री बाळगावी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली आमिश पंथाच्या पालकांस आठवीनंतर मुले शाळेतून काढण्याची मुभा दिली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस ह्यांनी अंशतः भिन्न मत नोंदवून विचारले होते की, पालकांचे ऐकले, सरकारचे ऐकले, पण ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्या मुलांस कोणी विचारले काय? घटनेतील हक्क बालकास दिलेला आहे, हे सरकार व आईबाप दोघेही सोयीस्करपणे विसरतात आणि बालकाच्या नावाने एकमेकांशी भांडतात.

तेव्हा मागणे नेमके काय, ते सांगतो. दहाव्या कलमात शेजारच्या शाळेच्या पुढे ‘किंवा अन्य प्रकारे’ एवढे शब्द घालावेत. जे पालक ह्या शब्दांचा आश्रय घेतील त्यांनी दरवर्षी एका साध्या अर्जाने तसे कळवावे, म्हणजे दाखल्यासाठी खोट्या शाळेचे नाव शोधावे लागणार नाही. वर्षातून एकदा मुलाचे वाचन, लेखन व गणित पाहिले जावे. पाहणारा केवळ अंमलदार नसावा, त्याच्याबरोबर अध्यापनाचा अनुभव असलेला एक बाहेरचा माणूस असावा, आणि मुलाने अमुकच पाठ्यपुस्तक वाचले पाहिजे असा आग्रह धरण्याचा अधिकार दोघांसही नसावा. प्रगती अपुरी आढळल्यास सहा महिन्यांची मुदत द्यावी. तेवढ्याने भागले नाही तर मुलास शाळेत घालावेच लागेल, आणि तेथे पालकाची सबब ऐकू नये. दहावीस सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याची सोय आपल्याकडे आहेच. तिच्यापर्यंत पोचणारी मधली वाट तेवढी कायदेशीर करावयाची आहे. ह्यासाठी नवे खाते नको. पटावरील खोट्या हजेऱ्या मोजण्यात जो वेळ जातो त्याच्या अल्पांशात हे काम होईल.

मूल दहा वर्षांचे झाले म्हणजे पाहणीच्या वेळी त्यास एकट्यास बसवून, आईबाप दुसऱ्या खोलीत असता, बाहेरच्या परीक्षकाने विचारावे : तुला शाळेत जावेसे वाटते काय? त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत कागदावर उतरावे, त्याखाली त्याची सही घ्यावी, आणि पालकांचा अर्ज मंजूर वा नामंजूर करताना अधिकाऱ्याने तो कागद सर्वांत आधी वाचावा.